शेवंती गोंदवू की नको? आजीची आठवण, आईचा नकार आणि नेटवरचे अर्थ

ताई,
मी 26 वर्षांची, गाव सावंतवाडीजवळ, जॉब पुण्यात. मागच्या वर्षी माझी आजी गेली. तिच्या हातावर तुळस गोंदलेली होती, हिरवट पडलेली, लहानपणी मी तिच्यावरून बोट फिरवत झोपायचे. तिच्या आठवणीत मला मनगटाच्या आतल्या बाजूला फुलाचा टॅटू काढायचाय, दीड इंचाचा वगैरे, बाहीखाली झाकला जाईल एवढाच. मार्गशीर्षातल्या गुरुवारी ती माझ्या केसात शेवंतीची वेणी माळायची म्हणून शेवंती ठरवली होती, पण मैत्रीण म्हणाली शेवंती म्हणजे मृत्यूचं फूल. नेटवर बघितलं तर तसंच सापडलं, आणि दुसरीकडे लिहिलंय दीर्घायुष्य! आर्टिस्ट म्हणतो चेरी ब्लॉसम घे, ट्रेंडिंग आहे, नाहीतर कमळ घे, सेफ आहे. भाऊ म्हणतो कमळ काढलंस तर निवडणुकीला बूथवर बसवतील. आई म्हणते अंगावर कायमच्या खुणा नकोत, स्थळं बघायला सुरुवात केलीय. आजीच्या ट्रंकेत अजून बकुळीच्या सुकलेल्या माळा आहेत, त्या बघितल्या की रडू येतं. कुठल्या फुलाचा अर्थ बरोबर आहे ते सांगा ना.
– फुलांत हरवलेली, पुणे

अगं,

पत्र दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा तुझ्या भावाच्या वाक्याला हसले, त्याच्याकडे नंतर येऊ. आधी शेवंतीचं मिटवून टाकू, कारण तुझी झोप तिनेच उडवलेली दिसतेय.

मैत्रीण खोटं बोलत नाहीये. फ्रान्स, बेल्जियम, इटली इकडे शेवंती म्हणजे खरंच दफनभूमीतलं फूल. 1 नोव्हेंबरला त्यांच्याकडे सर्व संतांचा दिवस असतो, तेव्हा लोक आपापल्या गेलेल्या माणसांच्या थडग्यांवर शेवंतीच्या कुंड्या नेऊन ठेवतात, आणि तिथे कुणाकडे जेवायला जाताना तू हौसेने शेवंतीचा गुच्छ घेऊन गेलीस तर त्या घरच्या बाईचा चेहरा बघण्यासारखा होईल. पण असं का, तर यात गूढबिढ काही नाही गं, नोव्हेंबरच्या थंडीत तिकडे दुसरं फारसं काही फुलत नाही आणि शेवंती तग धरते, म्हणून ती थडग्यावर गेली आणि तिथलीच होऊन बसली. आता गंमत बघ, हीच शेवंती ऑस्ट्रेलियात मदर्स डेला आईला देतात! कारण मदर्स डे मे महिन्यात, आणि मे म्हणजे त्यांच्याकडे थंडीच्या आधीचा ऋतू, शेवंतीच्या बहराचे दिवस. म्हणजे दोन्हीकडे तिचं काम एकच, त्या महिन्यात फुलणं. बाकीचं माणसांनी केलंय.

जपानमध्ये तर अजून गोंधळ आहे. 16 पाकळ्यांची शेवंती हे त्यांच्या राजघराण्याचं चिन्ह, त्यांच्या पासपोर्टच्या कव्हरवरही सोनेरी शेवंतीच असते, 1876 मध्ये सुरू झालेला देशाचा सगळ्यात मोठा सन्मानही शेवंतीच्याच नावाचा. आणि त्याच जपानमध्ये कुणी गेलं की पांढरी शेवंती लागते. पासपोर्टवर पण तीच आणि अंत्यविधीला पण तीच, आणि जपानी माणसाला यात काही अडचण वाटत नाही, कारण त्याला माहितीये कुठे कुठला रंग आणि कुठला संदर्भ. चिनी लोकांनी तिला बांबू, ऑर्किड आणि प्लमच्या जोडीला बसवून चार सद्गुणी सज्जनांत घेतलंय, नवव्या महिन्याच्या नवमीला शेवंतीची दारू पितात आणि दीर्घायुष्य मागतात. तुला नेटवर जे दीर्घायुष्य सापडलं ते इथून आलेलं.

आणि आपल्याकडे? आपल्याकडे मार्गशीर्षात महालक्ष्मीच्या घटाला शेवंती, लग्नात नवरीच्या अंबाड्यावर शेवंतीची वेणी, हारात शेवंती. तुझ्या आजीने तुझ्या केसात जी माळली तिचा अर्थ पॅरिसच्या दफनभूमीत जाऊन शोधायचा काय संबंध? तू पॅरिसला सेटल होणार असशील तर वेगळं, तेव्हा फार तर लोक म्हणतील हिला कुणाची तरी आठवण येते, आणि ते खरंच आहे की!

आता हे नेटवरचे अर्थ येतात कुठून ते थोडं सांगते, कारण एकदा कळलं की भीती जाते. गुलाब म्हणजे प्रेम, लिली म्हणजे पावित्र्य, पिवळा गुलाब म्हणजे मत्सर, अशा ज्या याद्या फिरतात ना, त्यांचं मूळ बरंचसं युरोपात आहे. 1717-18 च्या सुमारास लेडी मेरी माँटेग्यू नावाची इंग्रज राजदूताची बायको इस्तंबूलला होती, तिने घरी पत्रांतून लिहिलं की इथे फुलं, फळं, दोरे असल्या वस्तूंतून निरोप पाठवतात. युरोपाला ही कल्पना भयंकर आवडली. मग 1819 मध्ये पॅरिसला शार्लोत द लातूर या टोपणनावाने फुलांच्या भाषेवरचं एक पुस्तक निघालं (आपल्या लातूरशी संबंध नाही, मी पण आधी दचकले होते) आणि मग इंग्लंडात व्हिक्टोरिया राणीच्या काळात अशा पुस्तकांचा पूरच आला. प्रत्येक लेखकाने आपल्या मनाने अर्थ घातले, एका पुस्तकात एक आणि दुसऱ्यात भलतंच. म्हणजे तू ज्याला फुलाचा खरा अर्थ समजतेयस तो दोनशे वर्षांपूर्वी युरोपातल्या दिवाणखान्यात कुणीतरी बसून ठरवलेला आहे. त्या यादीत बकुळ नाही, सुरंगी नाही, अबोली नाही, तगर नाही. त्या लेखकांनी ती बघितलीच नव्हती तर लिहिणार काय.

झेंडूचं पण सांगून टाकते कारण मला त्याची गोष्ट फार आवडते. झेंडू मूळचा मेक्सिकोचा, पोर्तुगीजांबरोबर आपल्याकडे आला. तिकडे 1 आणि 2 नोव्हेंबरला मृतांचा सण असतो, तेव्हा घरोघरी झेंडूच्या पाकळ्यांची वाट घालतात, गेलेल्या माणसांना त्या रंगावरून नि वासावरून घरचा रस्ता सापडावा म्हणून. आणि आपण काय करतो, तोच झेंडू दसऱ्याला गाडीला बांधतो, दाराला तोरण लावतो, मशीनला हार घालतो. मेक्सिकोच्या माणसाला आपल्या दसऱ्याचे फोटो दाखवले तर त्याला वाटेल या लोकांनी ट्रॅक्टरच्या पूर्वजांना बोलावलंय. आजीच्या आठवणीसाठी झेंडू पण काही वाईट नाही खरंतर, पण तुझ्या पत्रात झेंडू कुठेच नाही तर उगाच कशाला.

तुझ्या आर्टिस्टचं चेरी ब्लॉसम. दिसतं सुंदर, यात वादच नाही. जपानी टॅटूमध्ये त्याचा अर्थ साधारण असा की बहर आठवडा-दोन आठवड्यांचा, मग गळून जातो, तसं आयुष्य. पण त्याच फुलाला दुसऱ्या महायुद्धात मरायला पाठवलेल्या सैनिकांशी जोडलं होतं, आत्मघाती विमानबॉम्बचं नावच त्यांनी चेरीचं फूल असं ठेवलेलं. आणि ज्या देशाचं हे डिझाईन त्याच देशात 1872 पासून 1948 पर्यंत टॅटू काढण्यावर बंदी होती, आजही तिथल्या बऱ्याच गरम पाण्याच्या सार्वजनिक स्नानगृहांत टॅटू दिसला तर आत घेत नाहीत. हे सगळं सांगून तुला घाबरवत नाहीये, फक्त एवढंच विचारतेय की तुझ्या आजीने चेरीचं झाड कधी बघितलं होतं का? पहाटे गळून जाणारं फूलच हवं असेल तर आपला प्राजक्त आहे ना, रात्री फुलतो आणि सकाळी अंगणात सडा. पण त्याच्या शास्त्रीय नावात लॅटिनमधलं दुःखी झाड आलेलं आहे, हे तुझ्या मैत्रिणीला कळू देऊ नकोस म्हणजे झालं! आणि जर कधी चेरी काढलंसच तर पाकळीच्या टोकाला छोटी खाच असते ती आर्टिस्टला काढायला सांग, बरेच जण ती विसरतात नि मग ते पीचचं किंवा नुसतंच कसलंतरी पाच पाकळ्यांचं फूल होतं.

आता कमळ. भाऊ बरोबर बोलतोय, पण अर्धंच. ते पक्षाचं चिन्ह आहे, तसंच ते राष्ट्रीय फूल आहे, लक्ष्मीचं आसन आहे, अजिंठ्याच्या 1 नंबरच्या लेण्यातल्या पद्मपाणीच्या हातात आहे, आणि गीतेत पाचव्या अध्यायात पाण्यात राहून न भिजणाऱ्या कमळाच्या पानाचा दाखला आहे. टॅटूत जो अर्थ चालतो, चिखलातून वर येणं वगैरे, तो बौद्ध परंपरेतून जगभर गेला आणि आता योगा स्टुडिओच्या प्रत्येक बोर्डावर येऊन थोडा गुळगुळीत झालाय. काढू नको म्हणत नाही. पण मनगटावर कमळ असलं की निवडणुकीच्या महिन्यात रिक्षावाल्यापासून सासरच्या काकांपर्यंत सगळे मत विचारणार, ते तुला झेपणार असेल तर बघ. आणि कमळ म्हणून दाखवलेले अर्धे डिझाईन कमळाचे नसतातच, वॉटर लिलीचे असतात. पानाला काप असेल तर ती वॉटर लिली, कमळाचं पान अख्खं गोल, मधे देठ आणि काप नाही. कमळाच्या मधोमध शॉवरच्या जाळीसारखा बियांचा गड्डा असतो, तो बघून घ्यायचा. नेटवर इजिप्तचं निळं कमळ म्हणून जे दाखवतात ते पण लिलीच.

गुलाबाबद्दल फार लिहीत नाही, इंग्लंडच्या राजांनी 1485 नंतर लाल आणि पांढरा एकात एक घालून राजचिन्ह केला, खलाशांनी प्रेयसीच्या आठवणीत छातीवर काढला, आता सगळेच काढतात. लाल पॉपी दिसली तर ती पहिल्या महायुद्धातल्या मृतांची आठवण, आपल्याकडे कुणाला दाखवली तर खसखस का म्हणून विचारतील. एक मात्र सांगावंसं वाटतं, माझ्या ओळखीतल्या एकीने कॅन्सरच्या ट्रीटमेंटनंतर खांद्यावर सदाफुली काढली. मी आधी म्हटलं सदाफुली काय, कुंपणाला लावतात ती, तर ती म्हणाली अगं रक्ताच्या कॅन्सरवरचं व्हिनक्रिस्टिन याच झाडापासून काढतात, मला सलाईनमधून तेच दिलेलं. मी गप्प बसले. कुठल्या यादीत सापडेल का असा अर्थ?

बरं, आईकडे येऊ, कारण पत्रात तू तिला एका ओळीत गुंडाळलंयस पण मला वाटतं खरा प्रश्न तिथेच अडकलाय.

अंगावर कायमच्या खुणा नकोत असं आई म्हणते, आणि तिच्या सासूच्या की आईच्या (ते तू लिहिलं नाहीस) हातावर तुळस होती. म्हणजे खुणेचा प्रश्न नाहीये. जुन्या बायका म्हणायच्या की सोनं-नाणं सगळं इथेच काढून घेतात, बरोबर येतं ते फक्त गोंदण. कपाळावर ठिपका, हनुवटीवर ठिपका, हातावर तुळस, विंचू, नवऱ्याचं नाव. काजळी आणि सुया, बस. माझ्या स्वतःच्या आजीला सात-आठ वर्षांची असताना चार बायकांनी धरून बसवलं होतं म्हणे आणि ती दोन दिवस हात सुजवून रडत होती, तिला कुणी विचारलं नव्हतं तुला कुठलं डिझाईन हवंय. त्यामुळे गोंदण म्हणजे काहीतरी फार छान छान होतं असं पण मी म्हणणार नाही. आमच्या पिढीतल्या कितीतरी आयांना शहरात आल्यावर आपल्या आयांच्या हनुवटीवरच्या ठिपक्याची लाज वाटायची, खेडवळ दिसतं म्हणून. तुझ्या आईच्या मनात ते असू शकतं. किंवा नुसतीच स्थळांची काळजी असेल, ती पण खोटी नाही, पण दीड इंचाच्या फुलावरून नाही म्हणणारं स्थळ लग्नाआधीच कळलं तर बरंच की.

आणि तुला आठवतंय ना ती तुळस हिरवट होती? काजळी काळीच असते गं. पण शाई कातडीच्या वरच्या थरात नसते, त्याच्या खालच्या थरात असते, आणि वरच्या थरातून बघताना काळा रंग निळसर-हिरवा दिसायला लागतो. ती इतकी वर्षं टिकते कशी ते पण वाचण्यासारखं आहे. शरीरातल्या सफाई करणाऱ्या पेशी शाईचे कण गिळून बसतात, त्या मेल्या की कण सुटतात आणि शेजारच्या नव्या पेशी ते परत गिळतात, 2018 मध्ये फ्रान्समधल्या मार्सेच्या संशोधकांनी उंदरांवर हे दाखवलं. म्हणजे एकीने सोडलं की दुसरी उचलते. हे वाचलं तेव्हा मला माझ्या घरातली पाककृतींची वही आठवली, का ते तुला कळेल.

आता कामाचं बोलते, नीट वाच.

मी 23 वर्षांची असताना एका स्टुडिओत (नाव घेणार नाही, आता तो बंद पण झालाय) खांद्यावर लिली काढून घेतली, दीड इंचाची, तुझ्याच मापाची. नाजूक नाजूक रेषा, आत छोटे छोटे परागकण, हलका गुलाबी रंग. पहिलं वर्ष झकास. आज माझी भाची विचारते मावशी हा कोबी का काढलास. झालं असं की शाई वर्षानुवर्षं थोडी पसरतेच, दोन रेषांमधे जागा कमी असेल तर त्या एकमेकींत मिसळतात, आणि गुलाबी, पिवळा, पांढरा हे हलके रंग आपल्या सावळ्या-गव्हाळ कातडीखाली लवकर मरतात कारण वरून कातडीचा स्वतःचा रंग काचेसारखा आडवा असतो. काळा आणि राखाडी सगळ्यात टिकाऊ. आणि ॲलर्जीची तक्रार सगळ्यात जास्त लाल शाईची असते, हेही लक्षात ठेव.

म्हणून तुझी शेवंती. शेवंतीला पाकळ्या किती असतात माहितीये ना? दीड इंचात त्या मावणार नाहीत. आर्टिस्ट मावून दाखवेल, आयपॅडवर झूम करून दाखवेल, काढल्या दिवशीच्या फोटोत पण मस्त दिसेल, आणि सहा-सात वर्षांनी माझ्या कोबीला बहीण मिळेल. शेवंती काढायची तर तिला जागा दे, कोपराखाली आतल्या बाजूला चार-साडेचार इंच, काळ्या रेषा, हलकं शेडिंग, पाकळ्या कमी आणि मोठ्या. मग ती बाहीखाली लपणार नाही, आईपासून पण नाही, आणि ऑफिसात पण दिसेल. ते चालणार असेल तर शेवंतीच काढ, मृत्यूबित्यू डोक्यातून काढून टाक.

आणि जर मनगटावर छोटंच हवं असेल तर अगं तू स्वतःच लिहिलंयस की. बकुळ! आजीच्या ट्रंकेतली. ते फूलच मुळात नखाएवढं, चांदणीसारखं, मधे आपोआप भोक असतं म्हणून पोरं सुई न घेता नुसत्या गवताच्या काडीत ओवतात. खऱ्या मापाचं काढलं तरी दीड इंचात तीन फुलं आरामात बसतील आणि फक्त रेषांत छान दिसेल, रंगाची गरजच नाही, खरं फूल तरी कुठे रंगीत असतं, मळकट पांढरं तर असतं. आणि सुकलं तरी वास जात नाही म्हणून तर आजीने ते साड्यांत ठेवलं. याचा अर्थ तुला कुठल्याही साईटवर शोधावा लागणार नाही, ट्रंकेचं झाकण उघड.

कुणाला ओळखू येणार नाही म्हणशील तर बरंच आहे, ज्याला कळेल तो आपल्याकडचाच निघेल. तुमच्या बाजूला सुरंगीचे वळेसार (गजरे) मिळतात ते पण सुंदर, पण सुरंगीचा पिवळा पुंकेसरांचा झुबका छोट्या टॅटूत नुसता डाग होईल, सांगून ठेवते.

एकच कशाला, सगळं एकत्र करू, असं आर्टिस्ट म्हणाला तर नको म्हण. शेवंतीत तुळस, तुळशीत बकुळ, खाली आजीची जन्मतारीख, वर इन्फिनिटीचं चिन्ह, असं करत करत लग्नपत्रिका होते.

जागा आणि माणूस निवडताना: त्याचे नवीन काढलेले फोटो सगळेच दाखवतात, तू चार-पाच वर्षं जुन्या, बऱ्या झालेल्या टॅटूंचे फोटो माग, तेही आपल्यासारख्या रंगाच्या हातांवरचे. सुई तुझ्यासमोर सीलबंद पाकिटातून निघाली पाहिजे, शाई छोट्या वाटीत ताजी ओतलेली, हातमोजे नवे, कारण कावीळ बी आणि सी, एचआयव्ही हे सगळं सुईतून जाऊ शकतं आणि यात लाजायचं काही कारण नाही, स्पष्ट विचारायचं. जत्रेत-बिचवर स्वस्तात काढणारे असतात तिकडे फिरकू पण नकोस. तुला कान टोचल्यावर किंवा भाजल्यावर वण फुगण्याची सवय असेल तर आधी स्किनच्या डॉक्टरला दाखव, फुगलेल्या वणावर कुठलंच फूल चांगलं दिसत नाही. नंतर दोन-तीन आठवडे स्विमिंग नाही, ऊन नाही, खपली काढायची नाही, कितीही खाजलं तरी. रक्तदान करत असशील तर साधारण वर्षभर थांबावं लागेल. आणि पुढेमागे सैन्याच्या किंवा तसल्या वर्दीच्या भरतीचा विचार असेल तर टॅटू कुठे आणि केवढा चालतो याचे नियम असतात, ते आधी जाहिरातीत वाच. लेझरने काढता येतो म्हणून निर्धास्त राहू नकोस, खूप सेशन लागतात, काढण्यापेक्षा महाग पडतं आणि आपल्या कातडीवर पांढरट डाग राहायची भीती असते.

आता पुढच्या सुट्टीत गावी जा. आईला टॅटूचं काही बोलायच्या आधी तिला ट्रंक उघडायला लाव. ती माळ कुणी ओवली, झाड कुठलं, आजी कधी वेचायला जायची, हे तिला विचार, तुला जेवढं माहितीये त्यापेक्षा तिला जास्त माहिती असणार, ती त्या घरात तुझ्या आधीपासून आहे. एखादं ताजं फूल मिळालं (उन्हाळ्याच्या सुमारास झाडाखाली सडा असतो) तर पांढऱ्या कागदावर ठेवून वरून आणि बाजूने फोटो काढ, आर्टिस्टला नेटवरचं चित्र देऊ नकोस, हा फोटो दे. आणि तुळशीचं पण बघ, आजीच्या हाताचा एखादा जवळून काढलेला फोटो कुणाकडे आहे का, लग्नाच्या अल्बममधे बहुतेक सापडेल, मेंदीच्या दिवशीचा. टॅटूसाठी नाही, तुझ्याकडे असावा म्हणून.

मग स्टुडिओत गेलीस की स्टेन्सिल लावून होईल, जांभळ्या रंगात फुलाची छाप हातावर दिसेल. तिथे दोन मिनिटं थांब, सुई चालू करू देऊ नकोस, फोटो काढ आणि आईला पाठव. ती रागावेल कदाचित, किंवा म्हणेल अगं पाकळ्या उलट्या आहेत, बकुळ अशी नसते. तशी म्हणाली तर पुसायला सांग आणि परत लावून घे. स्टेन्सिल आहे, पुसता येतं.

– ताई